नूतन सिस्टरच्या सबबी

नूतनची आजवरची सगळी नोकरी लोकांच्या सबबी ऐकण्यात गेली होती. लसीकरणाच्या दिवशी कुणाच्या बाळाला नेमका ताप असायचा, कुणाकडं पाहुणे उतरलेले असायचे, कुणाची सासू गावाला गेलेली असायची आणि तिला विचारल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही असं घरात ठरलेलं असायचं. आरोग्यसेविका म्हणून ती आधी तळेघरच्या डोंगरात होती, नंतर ओतूरजवळच्या एका उपकेंद्रावर आली. डोंगरात एसटीचा भरवसा नसे. भातखाचरांच्या बांधावरून चालत ती वस्तीवर पोचायची, ओसरीवर टेकायची आणि म्हणायची, "ताप आलाय ना? आण बरं बाळाला, बघू." ताप नसायचाच. आई लाजून हसायची, नूतनही हसायची आणि बाळ तेवढं रडायचं. खोटी सबब तिला लांबूनच ओळखू यायची. खरं कारण माणूस थोडक्यात सांगून मोकळा होतो. खोटं कारण एकटं येत नाही, आपल्यासोबत आणखी दोघांना घेऊन येतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

म्हणूनच त्या रविवारी पाळकबाईंचा, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीचा, 'उपासनेला येताय ना?' असा फोन आला आणि नूतन बोलायला लागली, तेव्हा तिला आपलीच लाज वाटली.

"अहो, उपकेंद्रावरचं काम निघालंय अचानक. साहेब येणार म्हणतायत. आणि गुडघा पण काल रात्रीपासून धरलाय. त्यात नळाला पाणी नाही सकाळपासून..."

"असू दे, असू दे, सिस्टर. आम्ही प्रार्थना करतो तुमच्यासाठी," पाळकबाई म्हणाल्या.

"नको!" नूतन एकदम म्हणाली. मग सावरून म्हणाली, "म्हणजे, एवढं काही नाही. होईल बरं."

फोन ठेवून तिनं पाहिलं, तर मोरीत दोन्ही हंडे काठोकाठ भरलेले होते.

ओतूरच्या बाहेर, रस्त्यापासून आत, कौलारू छपराचं त्यांचं छोटं चर्च होतं. वीस-बावीस घरांची मंडळी. नूतनचे आजोबा तिथं घंटा वाजवायचे, वडील पेटी वाजवायचे. नूतनचा बाप्तिस्मा तिथं झाला, लग्नही तिथंच झालं आणि एसटीत ड्रायव्हर असलेला तिचा नवरा आजारपणात गेला तेव्हा त्याची शवपेटीही तिथूनच निघाली. त्या आठवड्यातला रविवारसुद्धा तिनं चुकवला नव्हता. तळेघरला असताना रविवारी खाली यायला बस मिळाली नाही, तर ती आपल्या खोलीत दार लोटून घ्यायची आणि एकटीच मोठ्यानं गीतं म्हणायची. तिथल्या बायका दाराशी येऊन बसायच्या आणि संपल्यावर विचारायच्या, "बाई, आजून एक म्हणा की."

शेजारची साळुबाई तर नूतनवरून वार ओळखायची. साळुबाई आणि तिचा नवरा सोपान यांचा ऊस नूतनच्या घराच्या तिन्ही अंगांनी होता. रविवारी सकाळी नूतन पांढरी साडी नेसून उसामधल्या वाटेनं निघाली, की साळुबाई गोठ्यातून ओरडायची, "अगं बया, इतवार आला का?" त्या रविवारी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"सिस्टर, आज न्हाई गेल्या? मला वाटलं शनिवारच हाय. मी ह्यांना बाजाराला धाडायला निघाले व्हते."

"बरं नाही जरा," नूतन म्हणाली.

"काय व्हतंय?"

"गुडघा."

साळुबाईनं तिच्या पायांकडं पाहिलं. नूतन तेव्हा स्टुलावर उभी राहून जाळ्या काढत होती.

झालं होतं ते असं. नूतनची एकुलती एक मुलगी प्रांजल, हिचं लग्न दोन वर्षांपूर्वी लोणीच्या एका ख्रिस्ती घरात झालं होतं. शेतीवाडी असलेलं, चांगलं नाव असलेलं घर. हे स्थळ आणलं होतं शांतवनरावांनी. शांतवनराव म्हणजे चर्च कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त मास्तर. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी तेच पोचायचे आणि सगळ्यात शेवटी निघायचे. पण आपण लावलेलं लग्न, आपण लावलेलं झाड आणि आपण शिकवलेला विद्यार्थी वाया जात नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

प्रांजलचा नवरा तिला मारत नव्हता. तो बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावून जायचा, एवढंच. पहिल्यांदा म्हणाला, उसात बिबट्या फिरतोय, चुकून बाहेर पडलीस तर. प्रांजलला ते काळजीचं वाटलं. मग पाऊस आला, ऊस तुटून गेला, शेत मोकळं झालं, तरी कडी लागतच राहिली. फोन त्याच्याकडं असायचा. सासू मळ्यातल्या घरात राहायची आणि म्हणायची, "माझ्या लेकाचा जीव हाय तुझ्यावर, म्हून करतो." एके दिवशी दुपारी घरात गॅसचा वास सुटला, तेव्हा प्रांजल खिडकीतून ओरडत राहिली आणि रस्त्यानं मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका धनगराच्या बाईनं येऊन कडी काढली. प्रांजल तशीच, पायांत चप्पल नसताना, रस्त्यावर आली आणि मिळेल त्या गाडीनं आईकडं पोचली.

नूतननं कुणाला काही सांगितलं नाही. 'आली आहे थोडे दिवस' एवढंच म्हणायची. पण मनात मावेना. एकदा पाळकबाई घरी आल्या, चहा झाला, प्रांजल दुकानात गेली होती आणि नूतनच्या तोंडून सगळं निघून गेलं. रडली. पाळकबाईही रडल्या. "कुणाला बोलू नका," नूतन म्हणाली. "छे, छे," पाळकबाई म्हणाल्या.

पाळकबाईंनी पाळकसाहेबांना सांगितलं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पाळकसाहेबांनी शांतवनरावांना विचारलं, कारण स्थळ त्यांनी आणलेलं. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी, उपासनेत मंडळीच्या अडीअडचणींसाठी प्रार्थना करायची वेळ आली, तेव्हा शांतवनराव उभे राहिले. आधी पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे प्रभू, आमची बहीण नूतन हिची लेक प्रांजल सासर सोडून आली आहे. तिला सुबुद्धी दे. तिचा ताठा मोडून टाक. तिला लोणीला आपल्या घरी सुखानं नांदव."

प्रांजल नूतनच्या शेजारीच बसली होती. डोळे मिटलेले, मान खाली. सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "आमेन."

त्यानंतर नूतन चर्चमध्ये गेली नाही.

घरी बसून तिला चैन पडत होतं असंही नाही. रविवार उजाडला की ती पहाटेच उठायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. कपाटातल्या साड्या काढून त्यांच्या घड्या बदलायची. घंटेचा आवाज वाऱ्याची दिशा बरोबर असली तर तिच्या ओट्यापर्यंत यायचा. तो यायच्या आत ती रेडिओ लावायची, नाहीतर बादली घेऊन नळाखाली ठेवायची आणि नळ पूर्ण सोडायची. घड्याळाकडं बघायचं नाही ठरवायची आणि बघायची. आता पहिलं गीत झालं असेल. आता पाळकसाहेब चष्मा पुसत असतील. आता शांतवनराव उभे राहिले असतील. इथं आलं की ती हातातलं काम टाकून उठायची, मागच्या दारानं बाहेर जायची, पुढच्या दारानं आत यायची.

"आई, बस गं जरा," प्रांजल म्हणायची.

"बसलेलीच आहे," नूतन उभ्यानं म्हणायची.

मंडळीची माणसं मात्र साधी आणि चिवट होती. त्यांना वाटलं, सिस्टर खरंच अडचणीत आहेत. गुडघ्याचं कळल्यावर लंकाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत स्वतः आली आणि बाटलीभर तेल देऊन गेली. जाताना म्हणाली, "माझे दोन्ही गुडघे गेलेत, तरी मी येते बाई. तुझा एकच हाय." पाहुणे आलेत म्हटलं, तर पाळकबाई म्हणाल्या, "मग पाहुण्यांनाही घेऊन या, जेवण आमच्याकडं." उपकेंद्राचं काम सांगितलं, तर पुढच्या वेळी पाळकसाहेबांनी उपासना अर्धा तास उशिरा ठेवू का, असं विचारलं. एक दार बंद करावं, तर ही माणसं दुसरं उघडून समोर उभी. आणि एवढं सगळं विचारणाऱ्यांतल्या एकालाही सुचत नव्हतं, की त्या दिवशी काय बोललं गेलं ते विचारावं.

मग तिनं लेकीचं नाव पुढं करायला सुरुवात केली. प्रांजलचं डोकं दुखतंय. प्रांजलला ताप आहे. प्रांजलला एकटीला सोडून कसं येऊ? या सबबी चालल्या. लेकीचं नाव निघालं की पलीकडचा माणूस गप्प व्हायचा आणि 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवायचा.

डिसेंबरात ऊसतोड सुरू झाली. तोडलेल्या फडातून बिबटे बाहेर पडतात, हे त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक. सोपानच्या कुत्र्याला एका संध्याकाळी नेलं, असं साळुबाईनं सांगितलं. नूतनला कुत्र्याचं वाईट वाटलं, पण मनातल्या मनात जरा हायसंही वाटलं. शनिवारी पाळकबाईंचा फोन आला, तशी ती तयारच होती.

"नाताळ जवळ आलाय, सिस्टर. उद्या तरी या. गाण्याची तयारी करायचीय."

"यायचंच होतं हो. पण तुम्ही ऐकलं नाही का? आमच्या वाटेवर बिबट्या फिरतोय. सोपानभाऊंचं कुत्रं नेलं. दोन बायकांनी उसातून यायचं कसं? मी प्रांजलला घराबाहेर पडूच देत नाही सध्या. दाराला कडीच लावून..."

ती थांबली. चुलीपाशी प्रांजल भाकरी थापत होती. तिचे हात थांबले होते.

"बरं, बघू मग," असं काहीतरी बोलून नूतननं फोन ठेवला. प्रांजल अजून तशीच बसली होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाही.

"आई, तो पण हेच सांगायचा."

"अगं, ते मी नुसतं सांगायचं म्हणून..."

"तो पण सांगायचा म्हणूनच सांगायचा." प्रांजल आवाज चढवत नव्हती. "डोकं माझं दुखतंय, ताप मला येतोय, बिबट्या मला खातोय. तू न जायला माझं नाव कशाला वापरतेस?"

"मग काय सांगू त्यांना? त्या माणसानं भर मंडळीत तुझं नाव घेतलं. तुला परत बसवायचंय का त्यांच्यासमोर?"

"तू मला विचारलंस कधी?"

नूतननं विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

"मला जायचं होतं," प्रांजल म्हणाली. "मला गाणं म्हणायचंय. दोन वर्षं मी त्या घरात तोंडातल्या तोंडात म्हणत होते. तू जात नाहीस म्हणून मी पण गप्प बसले. मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"लाज? तुझी?"

"मग कुणाची?"

प्रांजलनं करपलेली भाकरी काढली, बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा घेतला. नूतन मागच्या दारानं बाहेर गेली. पुढच्या दारानं आत आली. बोलणं तिथंच राहिलं.

बिबट्याच्या सबबीवरही मंडळीनं उपाय काढलाच. रविवारी सकाळी अमृतची जीप ओट्यापुढं येऊन थांबली. अमृत हा मंडळीतलाच तरुण. आठवडाभर नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो वाहायचा. जीपमागं अजून क्रेट रचलेले होते.

"चला सिस्टर, बिबट्याला म्हणावं, आता गाडीच्या मागं पळ," तो खिडकीतून हसत म्हणाला. "शांतवनकाकांनी धाडलंय."

नूतन दारात उभी होती, हातात फडकं घेऊन. घरातल्या साध्या साडीवर. डोक्यात सबबी भराभर यायला लागल्या. दूध उतू गेलंय, चावी सापडत नाही, उपकेंद्राचा फोन येणार आहे. एकही तोंडापर्यंत पोचेना.

तेवढ्यात प्रांजल आतून आली. केस विंचरलेले, ओढणी नीट घेतलेली. ती आईच्या बाजूनं बाहेर पडली आणि जीपमध्ये पुढं बसली.

"आणि सिस्टर?" अमृतनं विचारलं.

"आईला यायचं नाहीये," प्रांजल म्हणाली.

तिनं कारण काही दिलं नाही. अमृत थोडा वेळ वाट पाहत राहिला, पुढं आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही, तेव्हा त्यानं मान हलवली आणि गाडी वळवली.

धूळ खाली बसली, तरी नूतन तिथंच होती. मग ती आत गेली. रेडिओ लावला, बंद केला. नळ सोडला, बंद केला. लेक एकटी त्या बाकावर बसली असेल. तिच्या दोन्ही बाजूंना कोण बसलं असेल? कुणी बसलं तरी असेल का? शांतवनराव उभे राहतील, पुन्हा तेच मागतील आणि या वेळी तिच्या शेजारी आईसुद्धा नसेल.

पण आई होती तेव्हा काय झालं होतं?

ती ओट्यावर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. इतके आठवडे जे ती नळाच्या आवाजाखाली दाबत होती, ते आता समोर आलं. त्या दिवशी सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली, तेव्हा तीही म्हणाली होती. मोठ्यानं म्हणाली होती. लहानपणापासून प्रार्थना संपली की आमेन म्हणायची जिभेला सवय, ती सवय म्हणून गेली. 'तिचा ताठा मोडून टाक' या मागण्याला तिनं, प्रांजलच्या आईनं, होकार दिला होता आणि तो प्रांजलच्या कानाशेजारी दिला होता. तिला शांतवनरावांचा राग होता, पाळकबाईंचा राग होता, पण चर्चची पायरी चढू देत नव्हती ती ही गोष्ट. तिथं गेलं की त्या बाकावर तो आमेन बसलेलाच असणार, असं तिला वाटायचं.

"सिस्टर, काय झालं ओ?" कुंपणापलीकडून साळुबाई म्हणाली. "पोरगी एकटीच गेली गाडीत?"

"हो."

"आन् तुमी?"

नूतननं तोंड उघडलं. गुडघा, पाणी, बिबट्या, काहीही म्हणता आलं असतं.

"मी पण निघाले," ती म्हणाली.

तिनं साडी बदलली नाही. हातातलं फडकं ओट्यावर टाकलं आणि चालायला लागली. "आवो, एकट्या नका जाऊ, फडाकडं हाय त्यो बिबट्या!" साळुबाई ओरडली आणि सोपानला हाका मारायला लागली. नूतन थांबली नाही. तोडलेल्या उसाची धसकटं वाटेवर आली होती, पाचट वाळून कुरकुरत होतं. पाचटात काही हललं तसं तिनं ढेकूळ उचललं. मुंगूस होतं. ती जवळजवळ पळतच रस्त्याला लागली.

चर्चमध्ये पोचली तेव्हा गीतं होऊन गेली होती. दारापाशी चपला काढताना तिला आतून शांतवनरावांचा आवाज ऐकू आला. ते आजाऱ्यांसाठी मागत होते, नाताळच्या कार्यक्रमासाठी मागत होते. प्रांजलचं नाव नव्हतं. प्रांजल बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती आणि तिच्याशेजारी लंकाबाई आपल्या काठीवर हनुवटी टेकून बसली होती. नूतन मागच्या बाकाशी उभी राहिली.

शांतवनरावांची प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले. नूतन म्हणाली नाही. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "आणखी कुणाला प्रार्थना करायची आहे?" बहुधा कुणी करत नाही. पाळकसाहेब पुढचं पान उलटायला लागलेही.

"मला करायचीय," नूतन म्हणाली.

माना वळल्या, पण प्रार्थना म्हटल्यावर पुन्हा खाली गेल्या. नूतननं डोळे मिटले. तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली.

"प्रभू," ती म्हणाली, "दसऱ्यानंतर इथं माझ्या मुलीसाठी एक मागणं झालं. तिचा ताठा मोड म्हणून, तिला परत लोणीला पाठव म्हणून. मागणाऱ्यांना सगळं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तिचा नवरा तिला घरात कोंडून जात होता, बाहेरून कडी लावून. घरात गॅस सुटला तेव्हाही ती आतच होती. हे मला माहीत असून मी त्या मागण्याला आमेन म्हटलं. माझ्या तोंडून गेलं. ते आमेन मी परत घेते. ते मागणं तू ऐकू नकोस."

यापुढं काय म्हणायचं ते तिला कळेना. शेवट करायची एक रीत असते, ठरलेले शब्द असतात. तिला ते आठवत होते, पण तिनं म्हटले नाहीत.

बाहेर रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला, ते पूर्ण ऐकू आलं. पाळकबाई पुढच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मग काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला आणि लंकाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन."

तिच्यामागून दोघी-तिघींनी म्हटलं. पुरुषांच्या बाजूनं अमृतचा आवाज आला. बाकीच्यांनी म्हटलं नाही. ज्यांनी म्हटलं नाही ते कोण, हे बघायला नूतननं डोळे उघडले नाहीत.

उपासना सुटल्यावर शांतवनराव तिला दारात भेटले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, तरी मंडळीतल्या रिवाजाप्रमाणं त्यांनी आधी सलाम केला.

"सलाम, सिस्टर. हे तुम्हाला माझ्या घरी येऊन बोलता आलं असतं. सगळ्यांपुढं कशाला?"

"आलं असतं," नूतन म्हणाली. "तुम्हालाही माझ्या घरी येऊन विचारता आलं असतं, सर."

शांतवनराव छत्री काखेत मारून, ऊन असताना न उघडता, निघून गेले.

घरी जाताना अमृतनं सोडतो म्हटलं, पण माय-लेकी चालत निघाल्या. प्रांजलनं वाटेत थांबून पायात रुतलेलं उसाचं कुसळ काढलं.

"तुला ऐकू गेलं होतं ना माझं, त्या दिवशी?" नूतननं शेवटी विचारलं.

"गेलं होतं." प्रांजल वाकलेलीच होती. "मी पण म्हटलं होतं, आई. सवयीनं."

नूतननं तिच्याकडं पाहिलं. मग दोघीही एकदम हसल्या. हसताना नूतनला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

म्हणून पुढं सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. पाळकबाई बरेच दिवस नूतनसमोर यायचं टाळत राहिल्या. बाजारात दिसल्या की दुसऱ्या बाजूच्या भाजीवाल्याकडं वळायच्या. शेवटी नूतननंच एकदा त्यांना गाठलं आणि चहाला बोलावलं. त्या आल्या, बसल्या, पण पूर्वीसारखं मोकळं बोलणं झालं नाही. मंडळीतली दोन घरं नूतनला सलाम करेनाशी झाली. चर्चमध्ये घरच्या भानगडी मांडायच्या नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी कुणी मांडल्या, हे ती घरं विसरली.

शांतवनराव नवीन वर्षात एका दुपारी आले. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. पाणी प्यायले.

"लोणीला जाऊन आलो," ते म्हणाले. "न सांगता गेलो. घर बघितलं. दार बघितलं." त्यांनी समोरच्या रिकाम्या फडाकडं नजर वळवली. "मी लग्न जमवायला गेलो तेव्हा त्यांनी मला बैलजोडी दाखवली, विहीर दाखवली. मी सगळं बघितलं, सिस्टर. पोरगा तेवढा मास्तरच्या नजरेनं बघितला नाही."

नूतननं त्यांना 'असू द्या' म्हटलं नाही. पण चहा केला. प्रांजलनं तो आणून दिला, तेव्हा शांतवनराव उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कप घेतला. पुढं प्रांजलच्या घटस्फोटासाठी कोर्टात तारखा सुरू झाल्या, तेव्हा तेच माय-लेकींबरोबर गेले आणि त्यांनी काय पाहिलं ते सांगितलं. लोणीच्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. रविवारी प्रार्थनेला उभे राहिले की आता ते कुणाचंही नाव घेण्याआधी त्या घरी जाऊन येतात. त्यामुळं त्यांची प्रार्थना बरीच छोटी झाली आहे.

नूतन पुन्हा जाऊ लागली, पण दर रविवारी नाही. कधीकधी सकाळी उठून तिला वाटतं, आज नको. मग ती जात नाही. फोन आला तर म्हणते, "आज येत नाही." पुढचं काही विचारायला पलीकडच्या माणसाला जागाच उरत नाही. त्या दिवशीही तिला घरात स्वस्थ बसवत नाहीच. ती अस्वस्थता आता तिच्या अंगाचीच झाली आहे, कोर्टाची तारीख जवळ आली की वाढते.

प्रांजलनं रक्त-लघवी तपासायच्या कामाचा कोर्स करायचं ठरवलं आणि त्यासाठी पुण्याला राहायचं ठरवलं. ऐकल्यावर नूतनला आधी दहा अडचणी दिसल्या. खोली कशी असेल, रस्ते कसे, माणसं कशी. ती त्यातली एकही बोलली नाही. बोलू नये म्हणून तिनं आठवडाभर घर सारवलं, लोणची घातली, उशांचे अभ्रे शिवले.

निघायच्या दिवशी ती ओतूरच्या स्टँडवर सोडायला गेली. गाडी लागली. प्रांजलनं खिडकीजवळची जागा धरली आणि बॅग मांडीवर घेतली.

"पोचलीस की फोन कर," नूतन खालून म्हणाली.

"पोचल्यावर करीन. रोज नाही करणार हं."

"नको करूस रोज."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी धूर सोडत स्टँडबाहेर गेली, वळणावर एकदा दिसली आणि मग कांद्याच्या ट्रकमागं दिसेनाशी झाली. नूतन थोडा वेळ रिकाम्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग बाजाराकडं वळली, कारण घरात मेथी नव्हती.